बसवणारे पुष्कळ, काढणारा तू

विल्या, तू गेलास त्याला आज सोळा दिवस झाले. तुझ्या घरी येणारा प्रत्येक माणूस खालच्या आवाजात बोलतो. दारात चपला काढतानाच आवाज उतरवतो. मला ते जमत नाहीये, यार. तुझ्याबद्दल खालच्या आवाजात कसं बोलायचं? तू स्वतः कधी बोललास? आमच्या हॉस्पिटलात 'शांतता राखा'च्या पाटीखाली उभा राहून तू मला ओरडून विचारलं होतंस, "मंदे, ती हाडाची करवत कुठल्या स्टीलची असते गं?" आणि आत तुझ्या आईला अजून शुद्धसुद्धा आली नव्हती.

तीच आपली दुसरी भेट म्हणायची. पहिली असल्फ्याच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत, सातवीपर्यंत एका वर्गात. मग तू गिरणीतल्या फिटरचा मुलगा आयटीआयला गेलास आणि टर्नर झालास, मी नर्सिंगला गेले, आणि तीस-पस्तीस वर्षं आपण एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. त्या दिवशी मी अंधेरीच्या आमच्या हॉस्पिटलात थिएटरमधून बाहेर आले, मास्क खाली ओढला आणि म्हटलं, "परबांचे नातेवाईक? गुडघा छान बसलाय." तुझी बायको, सुलूवहिनी, म्हणाली, देवाची कृपा. तुझ्या बहिणीने विचारलं, आईला चहा कधी देता येईल. आणि तू विचारलंस, "हाडाला माप कसं देता? डोळ्यानं की गेजनं?"

मी म्हटलं, "लेथवर काम करता का?"

तू माझ्याकडे नीट बघितलंस. "मंदा पेडणेकर! मागच्या बाकावरची!"

आई वॉर्डात होती तेवढे दिवस तू दुपारी यायचास. आईजवळ दहा मिनिटं बसायचास आणि मग हत्यारं धुवून निर्जंतुक करतात त्या खोलीच्या खिडकीशी अर्धा तास. आतल्या बायका मला म्हणायच्या, "सिस्टर, तुमचे ते भाऊ आले बघा." मी तुला कधी भाऊ म्हटलं नाही, पण त्यांना दुरुस्तही केलं नाही.

तुझा साकीनाक्याचा गाळा तेव्हा अर्धा झोपलेला होता. दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि उस्मानभाई. पॅकिंग मशीनचे सुटे भाग करायचात तुम्ही. ते काम हळूहळू दुसरीकडे गेलं होतं, आणि एका लेथवर कायमची ताडपत्री. पण त्याचं रडगाणं तू कधी लावलं नाहीस. तुला जगातल्या प्रत्येक धातूच्या वस्तूबद्दल एवढी उत्सुकता होती, की स्वतःची काळजी करायला तुला वेळच मिळत नव्हता.

मग हिरामावशी आली.

वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. पन्नास वर्षं अंधेरीच्या बाजारात मासळी विकलेली, अंगापिंडाने दणकट, वय एकोणऐंशी. सोळा वर्षांपूर्वी तिचा खुब्याचा सांधा बदलला होता, दुसरीकडे कुठेतरी. आता आत बसवलेली धातूची वाटी ढिली झाली होती आणि तिला कूस बदलतानाही ओरडायला व्हायचं. आधीच्या काळात हे असं फारसं दिसायचं नाही. माणूस आधी जायचा, वाटी मागे राहायची. आता माणसं टिकतात आणि वाट्या झिजतात.

वाटी बदलायची तर आधी जुनी काढायला हवी. ती तीन स्क्रूंनी हाडात आवळलेली. त्या स्क्रूंच्या डोक्याची खाच जुन्या पद्धतीची, तशी आता कुणी करत नाही. आमच्या सरांनी (हाडांचे मोठे सर्जन आहेत, सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतात) तीन ठिकाणांहून हत्यारांच्या पेट्या मागवल्या. एकही पाना बसेना. दोनदा तारीख ठरली, दोनदा रद्द झाली. दुसऱ्यांदा मी सांगायला गेले, तेव्हा मावशीने माझं मनगट धरलं. "पोरी, मना बाजारात बसायचंय. खाटंवर बसून मावरं इकता येत नाय."

त्या दुपारी सरांनी एका कागदावर स्क्रूचं डोकं काढलं आणि स्वतःशीच म्हणाले, "याचा पाना मुंबईत कोण करून देईल?" मी तो कागद घडी करून खिशात टाकला. ड्यूटी संपल्यावर मावशीचा एक्स-रेही घेऊन रिक्षाने थेट साकीनाका.

तू एक्स-रे ट्यूबलाइटवर धरलास. मला वाटलं, माणसाचं हाड बघून जरा गंभीर होशील. तू तर लहान मुलासारखा उसळलास! "अगं, हे तर आमचं रोजचं दुखणं! मशीनमध्ये बोल्ट तुटला की आम्ही काय करतो?" आणि तू ड्रॉवरमधून बोटभर लांबीची एक निमुळती सळई काढलीस, टोकाला आटे पाडलेली. "बघ, आटे उलटे आहेत. स्क्रू सुलट फिरवून आत जातो ना? हे उलटं फिरवायचं. जेवढं फिरवशील तेवढं ते त्या डोक्यात रुतत जातं. आणि एकदा धरलं की स्क्रूलाच घेऊन मागे फिरतं. खाच कसलीही असो, झिजलेली असो, काय फरक पडतो!"

"हे तेलकट हत्यार आम्ही पेशंटच्या आत घालायचं?"

"हे नाही गं, येडी. याचा बाप करू आपण."

दुसऱ्या दिवशी सर स्वतः गाळ्यावर आले. आठवतं? पांढऱ्या शर्टातले सर, आणि बसायला एक उपडा डबा. त्यांनी तुला अटी सांगितल्या. स्टील शस्त्रक्रियेच्या दर्जाचंच हवं, त्याचा दाखला हवा. कठीणपणा प्रयोगशाळेत तपासून हवा. दहादा वाफेच्या भट्टीतून काढल्यावर गंजाचा ठिपका दिसता कामा नये. हॉस्पिटलच्या समितीची लेखी परवानगी आणि मावशीची संमती या दोन गोष्टी सर बघतील. मला वाटलं, आता हा हात जोडणार. तू बोटं मोजत ऐकत होतास. पाचव्या बोटाशी थांबलास आणि म्हणालास, "आणि?"

सर हसले. "आणि तुटता कामा नये. आत तुटलं तर मी काय काढू, स्क्रू की तुमचं हत्यार?"

त्या रविवारची सकाळ मी मरेपर्यंत विसरणार नाही. तू खाटकाकडून म्हशीच्या मांडीची हाडं आणलीस, त्यात स्क्रू बसवलेस आणि त्यांची डोकी मुद्दाम घासून खराब केलीस. मी सुट्टीच्या दिवशी, चांगला ड्रेस घालून, ते हाड दोन्ही हातांनी पकडून उभी! पहिली सळई रुतली आणि तुटली. दुसरी घसरली. तिसरी परत तुटली. तू घामाघूम. उस्मानभाईंनी तुटलेला तुकडा उजेडात धरला, नखाने खरवडला आणि म्हणाले, "विलासभाई, बहुत सख्त कर दिया. थोडा नरम रखो. जिद्दी है, इसलिए टूटता है."

उष्णता देण्याची रीत तुम्ही दोघांनी बदललीत. चौथ्या सळईला त्यात दुपार झाली. तू हँडल धरलंस, फिरवलंस, आणि आतून 'टक्' असा बारीक आवाज आला. मग स्क्रू हलला. मुकाट, एखाद्या शहाण्या पोरासारखा बाहेर यायला लागला. आपण तिघं असे ओरडलो की शेजारच्या गाळ्यातला माणूस फायर ब्रिगेडला फोन लावायला निघाला. तो आत आला तर मी हातात म्हशीचं हाड घेऊन नाचत होते!

ऑपरेशनच्या दिवशी तुझी सळई माझ्या टेबलावर हिरव्या कापडावर ठेवलेली. तोवर सत्तावीस वर्षं मी हत्यारं हातात देत आले होते, पण कुठल्या हत्याराकडे इतक्यांदा बघितलं नव्हतं. पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघाला. तिसरा मात्र जागचा हलेना. सरांनी जोर लावला, अजून लावला. त्यांच्या कपाळावरचा घाम दुसऱ्या सिस्टरने टिपला. ते थांबले. "मंदा, छिन्नी तयार ठेव. हाड फोडून काढावा लागेल."

एकोणऐंशी वर्षांच्या बाईचं हाड फोडायचं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. आणि मला तुझा आवाज आला, गाळ्यातला, चिडका. 'पहिल्या फेरीत जोर लावायचा नाही, मंदे. त्याला आधी चावू दे.' विल्या, मी आयुष्यात कधी कुठल्या सर्जनला पाना कसा फिरवायचा ते सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. "सर, जोर सोडा. एकदम हलकं फिरवा. त्याला चावू द्या."

सरांनी मास्कच्या वरून माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी हात सैल केला, सळई जराशी मागे घेतली, पुन्हा हलकेच टेकवली आणि अगदी सावकाश फिरवली. अर्धी फेरी. एक फेरी. आणि तोच 'टक्'!

मी हातमोजे काढता काढता तुला फोन लावला. "तिन्ही निघाले!" तू विचारलंस काय, तर "टोकाला ओरखडा आला का?" आणि मागून उस्मानभाईंची शिट्टी.

चार महिन्यांनी मावशी बाजारात आपल्या जागेवर बसली. तू दर रविवारी घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला यायचास, फक्त तिच्याकडून बोंबील घ्यायला. घासाघीस करायचास, ती तुला शिव्या घालायची. मी म्हटलं, "तिला सांगू का, तू कोण ते?" म्हणालास, "अजिबात नाही. मग ती भांडणार नाही माझ्याशी."

त्यानंतर काय सुरू झालं, ते मला आजही खरं वाटत नाही. सरांनी एकाला सांगितलं, त्याने दुसऱ्याला. मुलुंडहून फोन, बोरिवलीहून फोन, मालाडहून, घाटकोपरहून. कुणाच्या मांडीतली जुनी सळी अडकली, कुणाचा गुडघा वीस वर्षांनी ढिला झाला. तू लायसन्ससाठी दोन वर्षं खेटे घातलेस. गाळ्यात नवी फरशी आली, हवा गाळणारी यंत्रं आली, दारात चपला काढायचा नियम आला. सुलूवहिनी, ज्यांनी तोवर गाळा बाहेरूनच बघितला होता, त्या एकेका सळईचा नंबर, तिच्या स्टीलचा दाखला, तिची तपासणी वहीत लिहायला लागल्या. ताडपत्री कधी निघाली, ते कळलंसुद्धा नाही. तू म्हणायचास, "बसवणारे पुष्कळ आहेत, मंदे. मोठ्या मोठ्या कंपन्या आहेत. पण काढणारं कोण आहे? जो बसवतो त्याला वाटतं, हे कायमचं. माणूस एवढा जगेल, हे कुणाच्या हिशेबातच नव्हतं!"

आणि इथेच आपलं भांडण लागायचं. मुलुंडच्या त्या सोसायटीच्या बागेत बसलो होतो, एका डॉक्टरांची वाट बघत. संध्याकाळी म्हातारी माणसं फेऱ्या मारत होती. तू हळूच बोट दाखवायला लागलास. "ही डावा गुडघा. तो उजवा खुबा. ह्यांचे दोन्ही झालेत बघ, पावलं कशी सरळ पडतात."

मी तुझ्या हातावर चापट मारली. "लाज वाटते का रे? माणसं आहेत ती. तुझी ऑर्डर नाही."

तू चिडला नाहीस. उलट डोळे चमकले तुझे. "मंदे, माझे बाबा चौपन्नाव्या वर्षी गेले. आजोबा त्याच्याही आधी. आमच्या घरात म्हातारा पुरुष म्हणजे भिंतीवरचा फोटो. मी लहानपणी म्हातारा माणूस बघितलाच नाही गं. आणि आता बघ! आमच्या असल्फ्यातसुद्धा ऐंशीच्या बायका काठी टेकत दूध आणायला जातात. अगं, गरिबाच्या घरात म्हातारपण आलंय! गुडघे झिजेपर्यंत जगायला मिळतंय! आणि मी आनंद मानायचा नाही?"

"तू एक्स-रे बघतोस, मी माणूस बघते," मी म्हटलं. "आधी एक माणूस एका आजाराने मरायचा. आता एक माणूस चार आजार घेऊन जगतो. साखर, प्रेशर, किडनी, वर हाड मोडलेलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करून बाई आमच्या टेबलावर येते, तिचं हाड बिस्किटासारखं. साखरेने काळे पडलेले पाय मी कापताना बघते. त्याला तू काय दिवाळी म्हणतोस?"

"जगते ना पण?"

"कशी जगते, ते ये एकदा बघायला."

त्यावर तू तोंड फिरवून बसलास. मला वाटलं, दुखावलास. पंधरा दिवसांनी माझ्या ड्यूटीच्या वेळेला गेटवर उभा, हातात नवं हँडल. म्हणालास, "फिरव." मी फिरवलं. जोर वाढवला, तर हँडल आपोआप सुटून नुसतंच फिरायला लागलं. "कमजोर हाडासाठी आहे. ठरावीक जोराच्या पुढे हे ऐकतच नाही. डॉक्टरने कितीही दाबलं तरी हाडाला धक्का नाही." मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणालास, "तुझं सगळं भांडण ह्यात घातलंय." मी गेटवर वॉचमनसमोर रडले होते, आणि तुला सांगितलं की धूळ गेली.

भांडण मात्र संपलं नाही. कोण बरोबर, हे तुझ्या-माझ्यात ठरलंच नाही.

आता ते सांगते, जे मी तुला कधी सांगितलं नाही. जुहूच्या हॉटेलात हाडांच्या डॉक्टरांचा कार्यक्रम होता. तुझ्या सगळ्या हत्यारांची पेटी तिथे दाखवली. आमच्या हॉस्पिटलात तिला आधीपासून 'मंदा सेट' म्हणायचे, कारण ती मी आणली होती. सरांनी मला स्टेजवर बोलावलं. "ही मंदा सिस्टर, हिच्यामुळे हा सेट." टाळ्या वाजल्या. गुच्छ मिळाला. तू मागे चहाच्या टेबलापाशी उभा होतास, तो चॉकलेटी शर्ट घालून, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होतास. माझ्या हातात माइक होता, विल्या. 'धन्यवाद' म्हणाले आणि खाली उतरले. तुझं नाव घेतलं नाही.

मी स्वतःला खूप वेळा सांगितलं की घाबरले होते. नव्हते रे घाबरले. मला ते आवडलं होतं. एवढी वर्षं मास्कमागे काढली, आणि पहिल्यांदा कुणीतरी माझ्या चेहऱ्यासाठी टाळ्या वाजवल्या. परत येताना रिक्षात तू म्हणालास, "फोटो झकास येणार तुझा." बस, एवढंच. पुढे चार वर्षं तू तो विषय काढला नाहीस, आणि मीही नाही.

त्याच वर्षी तुझ्या छातीत दुखलं. साखर तुला आधीपासून होतीच, ती तू गुपित असल्यासारखी खिशात घेऊन फिरायचास. दोन नळ्या बंद निघाल्या, दोन स्टेंट बसवले. मी धावत वॉर्डात आले तर तू उशीला टेकून बसलेला, चेहरा फुललेला. तू हृदयाच्या डॉक्टरांना गळ घालून नमुन्याचा एक स्टेंट बघायला मागितला होतास! तो तळहातावर ठेवून मला दाखवलास. "मंदे, बघ! तांदळाच्या दाण्याएवढा. आणि ही जाळी बघ, लेसरने कापलीय. कुठेतरी कुणीतरी बसून ही कापली असेल, गं. त्याला वाटत असेल, रोजचा माल आहे. त्याला सांगायला हवं की हा साकीनाक्याच्या विलास परबच्या छातीत बसला आणि झकास चालतोय." आणि मग हसत, "आता मीपण गिऱ्हाईक!"

त्या अनोळखी कारागिराला पत्र लिहायचं तू ठरवलं होतंस. बॉक्सवरचा पत्ताही उतरवून घेतलास. मग एकेक काम येत गेलं. सुलूवहिनींना परवा तुझ्या वहीत तो पत्ता सापडला, खाली फक्त 'प्रिय भाऊ' एवढंच लिहिलेलं.

त्या माणसाने तुला चार वर्षं दिली. तुझं सगळ्यांत चांगलं काम त्या चार वर्षांतलं आहे. हे मी स्वतःशी रोज म्हणते आणि तरी पुरत नाही.

त्या सकाळी तू मशीनपाशी उभा होतास. उस्मानभाईंना म्हणालास, "दोन मिनिटं बसतो." ते पाणी घेऊन आले तोवर सगळं झालं होतं. तुझ्या आईने, चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईने, कुणाचा आधार न घेता दारापर्यंत चालत येऊन तुला निरोप दिला. मी तिच्या पावलांकडेच बघत होते. दुसरीकडे कुठे बघवत नव्हतं.

नवव्या दिवशी सरांचा फोन आला. ते बोरिवलीलाही ऑपरेशनं करतात आणि अवघड केस असली की मला नेतात. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे सावंत आजोबा, निवृत्त बस कंडक्टर, मांडीतली जुनी सळी ढिली होऊन वाकलेली. तिच्यासाठी जे हत्यार लागणार होतं, ते तूच करायला घेतलं होतंस. अर्धवट मशीनवर होतं. उस्मानभाई म्हणाले, "मैं हाथ नहीं लगाऊंगा. उनका है." घरातली वडीलधारी कुजबुजली, अजून तेरावं झालेलं नाही. सुलूवहिनी उठल्या. म्हणाल्या, "तो आजोबा तेराव्याची वाट बघत पडून राहील का?" दहाव्या दिवशी त्यांनीच गाळ्याचं शटर वर केलं. तुझी वही उघडली आणि मापं मोठ्याने वाचायला लागल्या. दुसऱ्या आकड्याला उस्मानभाईंनी डोळे पुसले आणि मशीन चालू केलं. शेवटची तपासणी वहिनींनी केली. गेज लावला, एकदा नाही, तीनदा. मग सही केली.

परवा ऑपरेशन झालं. एका नवीन डॉक्टरने पेटी बघून विचारलं, "हा तो मंदा सेट का?"

मी म्हटलं, "नाही. विलास सेट. विलास परब, साकीनाका. लेथवरचा माणूस होता. सोबत उस्मानभाई. मी फक्त कागद पोचवला."

मोठ्याने म्हटलं, तुझ्यासारखं. सरांनी हात पुढे केला. मग म्हणाले, "द्या, सिस्टर, विलास सेट." सळी अकरा मिनिटांत बाहेर आली. काय निघाली रे! सरळ, सबंध, हाडाला तडासुद्धा नाही. तू असतास तर थिएटरची काच फुटेल असा ओरडला असतास. तुला मी सॉरी म्हणायला हवं होतं, तेव्हाच, रिक्षात. आता हे एवढंच जमलं.

आज सकाळी मुद्दाम बोरिवलीला गेले. सावंत आजोबांना पहिल्यांदा उभं करायचं होतं. फिजिओथेरपीची मुलगी एका बाजूला, पुढे वॉकर. आजोबा काटकुळे, कान लांब, तोंडात एक दात. उभे राहिले. पाय लटपटले आणि मग टेकले. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. आणि मला एकदम राग आला, विल्या. अठ्ठ्याऐंशी! तुझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा माणूस, तुझ्या हत्याराने उभा राहिलेला, आणि तू नाहीस. हे कसलं माप? मी भिंतीला टेकून राहिले, माझ्याने पुढे जाववेना.

आजोबा खोलीच्या दारापर्यंत गेले आणि थांबले. त्यांनी बाहेरचा लांबलचक कॉरिडॉर या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहून घेतला. मुलगी म्हणाली, "आजोबा, आज इथपर्यंतच."

"एवढंच?" ते म्हणाले. "मी तर तिकडच्या खिडकीपर्यंत जाणार."

मुलीने माझ्याकडे बघितलं, काय करू म्हणून. मी भिंत सोडली, पुढे गेले आणि आजोबांचा दुसरा हात धरला.